मेंढ्याची जीभ आणि निळी ताडपत्री

ती. दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस, कारण या घरात तब्येत फक्त तुझ्या मेंढ्याची विचारली जाते.

आठवडाभरासाठी म्हणून तू त्याला आमच्या कळपात सोडून गेलास आणि मागोमाग निळ्या जिभेची साथ आली. चिलटं चावून पसरते ती. जनावरांची ने-आण बंद झाली आणि पाहुण्याने मुक्काम ठोकला. चिलटं दिवेलागणीला निघतात, म्हणून आमच्या ह्यांनी (निवृत्त झाल्यापासून ज्यांच्या तोंडून जेवताना फक्त ‘मीठ’ एवढंच निघतं, त्यांनी) त्याला मागच्या खोलीत घेतलं. म्हणजे माझ्या शिवणाच्या खोलीत! मशीन आता स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून. खिडक्यांना ताडपत्री ठोकली, घरातला एकुलता एक पंखा त्याला लावला (वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही म्हणे). मी पुठ्ठ्याने वारा घेते. रोग खरं तर आमच्या गाईच्या रक्तात सापडलाय. पण ती तुझ्या बहिणीसारखी, आजार अंगावर काढून वर दूधही देते. तिच्याकडे कोण बघतंय!

परवा सकाळी हे धावत आले, चेहरा पांढराफटक. मेंढ्याची जीभ निळी पडली! गुरांच्या डॉक्टरांना अर्ध्या चहावरून उठवून आणलं. त्यांनी मेंढ्याची जीभ पाहिली, खोलीभर नजर फिरवली आणि ह्यांना म्हणाले, “आता तुमची दाखवा बरं.” ह्यांची निळी. मग माझी. तीही निळी. शेवटी डॉक्टरांनी माझ्या आरशात स्वतःची पाहिली आणि उठून ताडपत्री ओढून काढली. (निळा रंग ह्यांनीच दुकानात तासभर घालवून पसंत केला होता.) उजेडात आम्ही चौघेही ठणठणीत. मी पोट धरून हसले, दादा. हे मात्र मेंढ्याच्या मानेत तोंड खुपसून रडले, अगदी हुंदके देऊन. मी चहा ठेवायला गेले.

तुझी,
धाकटी

ता. क. मला माझी खोली परत हवी आहे. बंदी उठली की तुझं ध्यान घेऊन जा.

ता. क. पुन्हा. खरं सांगते, बंदी कालच उठली. पण येऊ नकोस, तुझ्या कळपासाठी दुसरा मेंढा बघ. संध्याकाळी हे त्याच्याशी बोलत बसतात आणि मी दाराआडून ऐकते. काल त्याला सांगत होते, “ही मशीनवर बसली की घरात कुणीतरी आहे असं वाटतं रे.” मला इतक्या वर्षांत नाही सांगितलं. अजून बरंच ऐकायचं राहिलंय माझं.