खिडकीवालीचं बारावं वाचन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा' लिहू नकोस, जिना चढताना कसा आहे ते लिही. भाची, जावईबापू खुशाल असतील. मी ठीक. तू निवृत्त होऊन लेकीकडे गेलीस त्याला सात महिने झाले. तुझ्या वर्गाची आता संगणकांची खोली झाली आहे, आणि आपल्या दोन वर्गांमधल्या भिंतीतून फक्त पंख्याची घरघर ऐकू येते.

तर शाळेत तंत्रज्ञान आलंय. वर्गाला दहा टॅबलेट, फळ्याच्या जागी भलामोठा पडदा, खडू बंद. हे सगळं रोज एक तास वापरायचंच, असं मुख्याध्यापकबाईंनी बजावलं (कशासाठी, ते परिपत्रकात नव्हतं). त्यात एक सोय अशी, की आपण बोलायचं आणि यंत्राने लिहून घ्यायचं. मी गृहपाठ सांगत होतो, तेवढ्यात मागे दंगा सुरू झाला. यंत्राने माझं ओरडणंही इमानेइतबारे टिपलं आणि सगळ्या पालकांना धाडून दिलं: 'धडा चौथा, प्रश्न दोन ते पाच, ए लंबू तोंड मीट नाहीतर बाकावर उभा करीन, सुवाच्य अक्षरात लिहिणे.' दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस वह्यांत ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरून आलं. लंबूच्याही. एका आजोबांनी खाली शेरा मारला होता, 'शिस्त आवडली.'

बाईंना मात्र आवडली नाही. माझी रवानगी प्रशिक्षणाला झाली. शिकवणारी तुझ्या लेकीच्या वयाची. मी सगळी बटणं पाठ करून गेलो होतो (तू असतीस तर हसली असतीस), पण तिने बटणांचं नावच काढलं नाही. म्हणाली, "सर, वर्गात कुणाचं काय अडलंय ते आधी सांगा. यंत्राचं मग बघू." नोकरीच्या पहिल्या वर्षी तूही मला हेच विचारलं होतंस.

मी खिडकीवालीचं सांगितलं. आठवते ना? लेखी सगळं बरोबर, पण वाचायला उभी केली की अडखळते, वर्ग हसतो, ती खाली बसते. तू गेल्यापासून तर तिने वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. प्रशिक्षकबाईंच्या सल्ल्याने तिला टॅबलेट देऊन रोज थोडा वेळ प्रयोगशाळेत एकटीला बसवलं. वाच, रेकॉर्ड कर, स्वतःच ऐक, नाही पटलं तर पुसून टाक. वाटेल तेव्हा मला दे, नाहीतर देऊ नकोस. अकरा वाचनं तिने पुसली. नवव्या दिवशी बारावं माझ्या टेबलावर ठेवून पळाली.

मी शिक्षकखोलीत बसून ऐकलं. अडखळते अजून. एका शब्दाशी चारदा थांबली, मग स्वतःलाच म्हणाली, "थांब गं, घाई नाहीये," आणि पुढे गेली. ताई, सूर अगदी तुझा. मधल्या सुट्टीत तू तिला घेऊन काय करत बसायचीस, ते मला आत्ता कळलं. शिपाईमामांनी माझे डोळे पाहिले. खडू गेला, म्हणालो. ते म्हणाले, "सर, खडू बंद होऊन चार महिने झाले."

वर्गाला ऐकवू का, म्हणून तिला विचारलं. मान हलवून नको म्हणाली. मग नाही ऐकवलं. पण काल तिने तेरावं आणून दिलं, आणि यावेळी पळाली नाही, उभी राहिली.

तुझा,
धाकटा

ता. क. मूळ काम राहिलंच. मुलांसाठी तुझ्या आवाजात दोन-चार गोष्टी वाचून पाठव. भाची रेकॉर्ड करून देईल. मुलं फार मागे लागली आहेत.

ता. क. दुसरा. मुलं काही मागे लागलेली नाहीत. गोष्टच हवी असं नाही, किराणामालाची यादी वाचलीस तरी चालेल. फोनवर तू दोन मिनिटांत 'ठेवते आता' म्हणतेस. ते वाक्य तेवढं रेकॉर्ड करू नकोस.