उद्यापन लांबून चालत नाही

ती. मधूताईस,
दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्सहून धाकट्या सुजाताचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत असले तरी तू कुरकुरत नसशील, असं धरून चालते. इकडे सगळं गोड आहे. (माझं रक्त तर जरा जास्तच, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय.)

त्या कागदामुळेच आमच्या निखिलने फर्मान काढलं, "आई, यंदाची हरतालिका शेवटची. पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर गुरुजी बोलावून उद्यापन करून टाकू. खलास!" साठ वर्षांचं व्रत, आणि मुलगा विजेचं बिल भरावं तसं उरकायला निघालाय. मी 'बरं' म्हटलं. (मी 'बरं' म्हटलं की सूनबाई घाबरते.)

शेवटची, म्हणून साग्रसंगीत करायची ठरवली. पत्री बर दुबईच्या बाजारात मिळाली. अडलं वाळूशी! देशभर वाळू, पण निखिलने उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावरून येताना आणलेली पिशवीभर वाळू मुठीतून नुसती निसटे, पिंड काही उभी राहीना. आपल्या शास्त्री नदीची वाळू कशी, एकदा दाबली की शहाण्या मुलीसारखी बसायची. तू पार्वती आणि सखी करायचीस, मी महादेव, आणि कहाणी संपायच्या आत तुझ्या ओच्यातली काकडी दोघींत मोडायचो. (काकडीत नुसतं पाणीच असतं, म्हणायचीस. निर्जळी उपासाला हे कारण चालत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.)

शेवटी बाल्कनीतल्या गोणीत करडी वाळू सापडली. पाणी शिंपडताच काय घट्ट वळली म्हणून सांगू! जरा साबणाचा वास येत होता, एवढंच. मी बेल वाहतेय, तोच शेजारच्या हव्वाबीचं मांजर (ती रत्नागिरीला गेलीय, म्हणून ते आमच्याकडे मुक्कामाला) थेट चौरंगावर चढलं आणि सखीला पंजांनी उकरू लागलं. माझी नात दिया किंचाळली, "आजी, स्टॉप! दॅट्स हिज टॉयलेट सँड!" न वापरलेली होती, एवढे देवाचे उपकार. मग तांदळाच्या राशीवर सुपाऱ्या मांडून पूजा पुरी केली. हसून हसून पुरेवाट झाली, आणि हसता हसता शेजारी तुला कोपर मारायला गेले, तर तिथे कुणीच नव्हतं. डोळ्याला पदर लावला, तर निखिलला वाटलं साखर उतरली. ज्यूस घेऊन धावला बिचारा.

बाकी मजेत.
तुझी,
सुजाता

ता. क. निखिल रविवारी तुला फोन करून विचारील, उद्यापन लांबून चालतं का. ठासून सांग, ज्या दोघींनी व्रत एकत्र धरलं त्यांनी शेजारी बसूनच सोडायचं असतं. (पोथीत नाही, पण त्याने कुठे वाचलीय!) तो लगेच माझं तिकीट काढील.

ता. क. २: या पत्राचा फोटो दिया पाठवतेय. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर तिच्या हाती दिलं.

ता. क. ३: मी आले की उद्यापन अर्धंच करू. उरलेलं पुढच्या वर्षी.