माझा चौदावा प्रश्न

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (वय वर्षे सदुसष्ट) भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतात.) तुझा गुडघा काय म्हणतो? ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आता अक्षरं नीट दिसतात ना? दिसत असतील तर हे पत्र बसून वाच, कारण यात तुझ्या भावाची फजिती आहे आणि हसताना तोल जाण्याचा संभव आहे.

दवाखाना बंद केल्यावर मी घरात बसून हिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवू लागलो, तेव्हा हिनेच मला बाहेर काढायचा घाट घातला. नर्सना बालसंगोपन शिकवणारं एक केंद्र आहे, तिथे प्रश्न लिहून द्यायचं काम लावून दिलं. शिकवायला माणूस नाही, टॅब आहे. त्याची खुबी अशी की तो सगळ्यांना एकाच काठीने हाकत नाही. उत्तर बरोबर आलं की पुढे नेतो, चुकलं की त्या विषयाचा सोपा धडा पुन्हा दाखवतो. (आपल्या लहानपणी चुकलं की काय दाखवायचे, ते तुला आठवत असेलच.) मी मोठ्या हौसेने सव्वाशे प्रश्न लिहिले. त्यातला चौदावा असा होता: 'आठ महिन्यांच्या खोकणाऱ्या बाळाच्या बाबतीत खालीलपैकी कोणती कृती न करणे अनुचित ठरणार नाही?'

चाळीस नर्सपैकी चाळीस जणी चुकल्या. टॅब बिचारा प्रत्येकीला श्वास मोजायच्या धड्याकडे परत पाठवत राहिला. काहींनी तो धडा अकरा वेळा पाहिला. एकीने म्हणे सरावासाठी झोपलेल्या सासऱ्यांचे श्वास मोजले. ते मध्येच जागे झाले आणि घाबरून त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. केंद्राच्या प्रमुख बाईंनी मला फोन केला. टॅबच्या अहवालानुसार खोट नर्समध्ये नाही, प्रश्नात आहे. मी भडकलो. म्हटलं, खोट त्या टॅबच्या डोक्यात आहे! बाईंनी शांतपणे टॅब माझ्यापुढे सरकवला. माझाच प्रश्न मी सोडवला. चुकला. पुन्हा सोडवला. पुन्हा चुकला. मग पडद्यावर अक्षरं आली, 'हरकत नाही, मुळापासून पाहू या', आणि एक हसरं बाळ आलं. चाळीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काढल्यावर, ताई!

तरी माझा पीळ गेला नाही. टॅबवरच्या याच परीक्षेत अडकल्यामुळे एका नर्सचं नवजात बाळांच्या खोलीतलं काम थांबलं होतं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. बावीस वर्षं वॉर्डात काढली, आणि आता औषधांच्या कोठीत खोकी मोजायला पाठवायचं घाटत होतं. या बाई किती कच्च्या आहेत ते डोळ्यांनी पाहावं, म्हणून मी केंद्राच्या रुग्णालयात, त्या तोवर काम करत होत्या त्या मुलांच्या वॉर्डात गेलो.

तिथे एक आई सात महिन्यांचं बाळ खांद्यावर घेऊन आली होती. बाळ झोपलेलं, नाक वाहतंय, जरासा खोकला. मी दारातूनच पाहिलं आणि सांगून मोकळा झालो, "साधी सर्दी आहे. न्या घरी." आईने पिशवी उचललीसुद्धा. मोठ्या बाईंनी आईला खाली बसवलं, बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळाकडे नजर लावली. मी मध्येच काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. (मला!) पुरं एक मिनिट गेलं.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या.

"पुन्हा मोजा."

पुन्हा एक मिनिट. (या वयात पन्नासच्या पुढे म्हणजे धोका.) "साठ." मग आई घाबरू नये अशा बेताने हळूच म्हणाल्या, "सर, छातीखाली बघा."

मी पाहिलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. न्यूमोनिया. त्या आईची पिशवी खांद्याला लागलेली होती, ताई. माझ्या शब्दावर ती निघालीच होती.

बाळाला लगेच ऑक्सिजन लावला, औषध सुरू झालं. तीन दिवस मी रोज तिथे जाऊन बसलो, कुणी बोलावलं नसताना. चौथ्या दिवशी ते घरी गेलं. जाता जाता माझा चष्मा ओढून त्याची एक काडी मोडून गेलं. इतक्या आनंदाने मी आजवर चष्मा दुरुस्तीला टाकला नव्हता.

त्या दिवशी मी मोठ्या बाईंना विचारलं, की एवढं सगळं येतं, मग माझ्या प्रश्नात चुकता कशा? त्या जराशा संकोचल्या. म्हणाल्या, "सर, बाळाला काय होतंय ते कळतं. तुम्हाला काय हवंय ते कळत नाही."

घरी येऊन चौदावा प्रश्न फाडला. नवीन लिहिला: 'आठ महिन्यांच्या बाळाला खोकला आहे. आधी काय कराल?' पहिल्याच फेरीत अडतीस जणींनी 'पूर्ण मिनिट श्वास मोजू' हे उत्तर निवडलं. उरलेल्या दोघींना टॅबने श्वासाच्या धड्याकडे पाठवलं, आणि या खेपेला ते अगदी योग्य होतं. मोठ्या बाई आपल्या खोलीत परतल्या. नव्या मुलींना आता त्याच पहिला धडा देतात आणि टॅब दुसरा.

नमस्कार सांगावा असं वडीलधारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा तुलाच पुन्हा एकदा.

तुझा,
धाकटा

ता. क. वर मी दोनदा चुकलो असं लिहिलं आहे. पाचदा.

ता. क. २. उरलेले एकशे चोवीस प्रश्न सोबत जोडले आहेत. तू तीस वर्षं मुलांना भाषा शिकवलीस. लाल पेन घे आणि दयामाया दाखवू नकोस. तू हे काम करणार आहेस असं केंद्राला मी कळवूनही टाकलं आहे. सोमवारी ते न्यायला त्यांची गाडी तुझ्या दारात येईल.

ता. क. ३. एखादा प्रश्न तुला कळला नाही, तर आपल्यालाच कमी समजतं असं मनात आणू नकोस. मी चाळीस जणींबद्दल तसंच समजून बसलो होतो.