कोकोचा पाटा आणि नाशिकचे व्याही

२३ सप्टेंबर २००६, मॉरिसव्हिल, अमेरिका
आजपासून रोजनिशी. या घरात मन मोकळं करायची सोय नाही. मुलाच्या, म्हणजे सिद्धेशच्या घरात सध्या दोन आजोबा आहेत. एक मी. दुसरे सूनबाईंचे, म्हणजे देवयानीचे वडील, नाशिकचे राजीवराव. दोघंही सहा महिन्यांसाठी एकाच वेळी आलो आहोत. हे प्लॅनिंग कोणाचं, ते मला ठाऊक आहे. देवयानी ‘बाबा’ म्हणून हाक मारते आणि दोघंही उठतो. परवा मी आधी पोचलो, तर चहा त्यांच्यासाठी होता.

२५ सप्टेंबर
अनिका शाळेतून बातमी घेऊन आली. नात माझी, वय दहा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सात ऑक्टोबरला डोंगरातल्या एका गावी चॉकलेट फेस्टिव्हल आहे. तिथे ग्वाटेमालाहून आलेल्या माया लोकांची वस्ती आहे, आणि चॉकलेट म्हणे मुळात त्यांचंच. एक स्पर्धा आहे : नातवंडाने एका आजीला किंवा आजोबांना घेऊन पाट्यावर कोकोच्या बिया वाटायच्या. एकालाच घेऊन. मालिनीने गुडघे पुढे करून लगेच अंग काढून घेतलं. बायकोकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.
उरलो मी आणि ते. मी बाबांचे बाबा. पोरगी आडनाव कोणाचं लावते? विषय संपला.
राजीवराव तिला पत्त्यांच्या जादू शिकवतात. ही सरळ लाच आहे.

२८ सप्टेंबर
अनिकाने मलाच निवडलं! डिनरला जाहीर केलं. आवाज जरा पडलेला होता, पण मुलगी लाजाळू आहे. राजीवरावांनी टाळ्या वाजवल्या. केवढं ते नाटक! आतून जळून खाक झाले असणार.
संकल्प : रोज प्रॅक्टिस. सांगलीला आमच्याकडे पाटा-वरवंटा होता. मी स्वतः कधी वाटलं नाही, पण जेवणाची वाट बघत वर्षानुवर्षं बघितलं आहे. शिवाय पाटबंधारे खात्यात डेप्युटी इंजिनियर होतो. दगड मला कळतो.

१ ऑक्टोबर
प्रॅक्टिस केली. मागच्या अंगणातली, म्हणजे पॅटिओची फरशी, सिद्धेशच्या कॉफीच्या बिया, देवयानीचं लाटणं. फरशीला तडा गेला. अमेरिकेत माल निकृष्ट. देवयानी काही बोलली नाही. हे न बोलणं तिला माहेरून मिळालं आहे. राजीवरावांनी नवी फरशी आणून स्वतः बसवली. पुढे पुढे करायची सवय, दुसरं काय.
अनिकाला प्रॅक्टिसला बोलावलं, तर म्हणाली होमवर्क आहे. होमवर्क राजीवरावांच्या खोलीत चालला होता आणि त्यात पत्ते होते.

५ ऑक्टोबर
कंबर धरली. प्रॅक्टिस कॅन्सल. अंगात कला असली की प्रॅक्टिस लागत नाही. राजीवरावांनी मलम आणून दिलं. घेतलं, पण लावणार नाही.
लावलं.

७ ऑक्टोबर, सकाळी ११
पोचलो. येताना राजीवरावांनी मला पुढची सीट दिली, म्हणजे मी म्हातारा हे जगाला कळावं.
फेस्टिव्हल म्हणजे चर्चमागचं मैदान आणि चार तंबू. पार्किंग चिखलात. बायकांच्या अंगात रंगीत विणलेल्या चोळ्या. आमच्याकडे खण केव्हापासून आहेत, आम्ही फेस्टिव्हल करत नाही. लाकडी पट्ट्यांचं एक वाद्य वाजतंय, ते थांबतच नाही. पाटा तीन पायांचा, उतरता. चुकीचा आहे. चॉकलेट गोड नाही, पाण्यात कालवून वर मिरची घातलेली! याला चॉकलेट म्हणायचं, तर आमच्या आमटीने काय घोडं मारलंय?

७ ऑक्टोबर, दुपारी ४
झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण घरी वेगळंच सांगितलं जाईल.
स्पर्धेआधी त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी चारी दिशांना थोडा थोडा कोको जमिनीवर शिंपडला, काही पुटपुटल्या, आणि भोपळ्याची वाटी घेऊन स्पर्धकांपुढून निघाल्या. पूजा झाली, बाई वाटी घेऊन पुढे आल्या, म्हणजे तीर्थच. मी उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला. बाई थबकल्या. मी मानेनेच ओता म्हटलं. त्यांनी ओतलं.
तीर्थ उकळतं नसतं, एवढी साधी गोष्ट आयोजकांना माहीत नको? तरी मी थेंब सांडू दिला नाही. प्यायलो आणि रीतीप्रमाणे हात डोक्यावरून फिरवला. टकलावरून मिरचीचा कोको थेट डोळ्यात.
लोक हसले. अनिका ‘ओ माय गॉड’ म्हणून लांब जाऊन उभी राहिली. तेवढ्यात राजीवराव रांगेत घुसले. त्यांनीही तसाच तळहात पुढे केला, प्यायले, डोक्यावरून हात फिरवला. मग लोकांना वाटलं, यांच्याकडे अशीच पद्धत असते. बाई खूश झाल्या, टाळ्या पडल्या. सगळी माझी नक्कल! त्या माणसाला स्वतःची एक कल्पना म्हणून नाही.
माझा हात भाजलेला, म्हणून मोठ्या मनाने माझी जागा त्यांना दिली. अनिका उड्या मारत गेली. मी बाजूला उभा राहून सूचना करत होतो. मालिनीने माझ्या तोंडात चॉकलेट कोंबलं. दोघं शेवटून पहिले आले आणि तरी खिदळत होते. स्पर्धेचं गांभीर्यच नाही.

८ ऑक्टोबर, सकाळ
अनिका सीरियल खात होती. मी म्हणालो, बेटा, तू मला निवडलंस हे मी विसरणार नाही, पुढच्या वर्षी आपण दोघं जिंकू. तिने चमचा खाली ठेवला. ‘आय डिडन्ट,’ म्हणाली. तिला नाशिकच्या आजोबांनाच न्यायचं होतं. त्यांनीच तिला सांगितलं, सांगलीच्या आजोबांना घेऊन जा, ते दिवसभर खिडकीपाशी बसून असतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. हे मला सांगायचं नाही असं प्रॉमिस होतं. सॉरी म्हणाली.
दया! माझ्यावर! आणि ती व्याह्यांनी करायची!
तडक जाब विचारायला त्यांच्या खोलीत गेलो. ते आरशासमोर डाव्या हाताने कशीबशी दाढी करत होते. उजव्या तळहाताला बँडेज. मला बघून म्हणाले, पुरुषोत्तमराव, हात कसा आहे तुमचा?
चांगली झणझणीत वाक्यं तयार करून नेली होती. एकही आठवेना. बरा आहे म्हणालो, आणि त्यांच्याच पलंगावर बसून राहिलो.
राग अजून आहे. पण लाज वाटली, आणि ती रागापेक्षा जास्त आहे.