गाडीतली भाऊबीज

भाऊबीज, संध्याकाळ. मुलुंड, ताईचं घर.

पायांची वाट लागलीय. आडवा पडूनच लिहितोय.

दोन वर्षं मी भाऊबीजेला घरी सापडलोच नाही, कुठे ना कुठे भटकत होतो. म्हणून यंदा ताईने माथेरानच्या जुन्या छोट्या गाडीची तिकिटं काढली. म्हणाली, "गाडीतून कुठे पळशील रे?" ओवाळायचं ताट पिशवीतून आणलं होतं. डब्यात दिवा लावता येत नाही, म्हणून निरांजन न पेटवताच ओवाळणार होती.

आणि मी काय केलं? मधल्या स्टेशनावर उतरलो. एक माकड कुणाचीतरी करंजी फोडून नुसतं सारण खात होतं. ते बघत बसलो आणि गाडी सुटली. खिडकीत ताई, मांडीवर ताट. तेच लागलं.

पाऊलवाटेने धावत चढलो, पुढच्या स्टेशनावर गाडी गाठली.

"ताई, ते माकड ना..."

"गप. कुंकू लावू दे आधी."

मग तिने एका हाताने माझी कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने ओवाळलं. ताट डगमगलं, अक्षता माझ्या मांडीवर सांडल्या. डबाभर लोक हसत होते.

"सोड ना आता."

"माथेरान येऊ दे."

तोपर्यंत खरंच सोडली नाही. कॉलरवर अजून तिच्या बोटांचं कुंकू आहे. आता ती आत चहा करतेय आणि सारखी विचारतेय, "आहेस ना रे?"

"आहे गं."

पाय दुखतायत म्हणून आहे की कसं, माहीत नाही. पण आहे.