वहिनीचा अडलेला धडा

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

कंपनीच्या साइटवरचे प्रोग्रॅमिंगचे धडे आज नीट करत बसले होते. नव्या साइटवर आणताना सगळ्यांची मांडणी विस्कटली आहे. एका धड्यात तर कोडच्या ओळींआधीची मोकळी जागाच उडालेली. ती नसेल तर प्रोग्रॅम चालतच नाही. आणि एकदम आठवलं, वहिनी याच धड्यावर अडली होती.

रोज दुपारी ती पानावरचं जसंच्या तसं उतरवायची, आणि रोज एरर. दादा मुंबईहून आला तेव्हा हसला, "झालं शिकून?" त्यानंतर तिने नाव काढलं नाही. नुसती मोकळी जागा! एवढ्याशाने माणूस स्वतःला मठ्ठ समजायला लागतो?

जागा सोडून पाहिली. प्रोग्रॅम लगेच चालला. तशीच स्वयंपाकघरात गेले. वहिनी बांगडे साफ करत होती.

"वहिनी, तुझं काही चुकत नव्हतं. धडाच चुकीचा होता."

तिचे हात थांबले. "खरंच गो? मला वाटलं, माझं डोकंच नाय त्यातलं."

"मग बस ना परत उद्यापासून."

"कशावर? लॅपटॉप तुझा दादा घेऊन गेला मुंबईला."

माझा घे म्हणणार होते. पण तो कंपनीचा. तिने नळ सोडला, आणि मी बांगड्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.