खुशबूच्या लग्नाची नवी डिस्क

१२ जानेवारी

बाबा पुन्हा गुलाबांमागे गेले!

खुशबूच्या लग्नाची डीव्हीडी लावली होती. बिदाईच्या वेळी बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि नेमके तेव्हाच पडद्यावर गुलाब पडायला लागतात — शूटिंगवाल्या वीरेंद्रची कलाकारी! माय दरवेळी चिडते. "फुलंच फुलं! माणूस कुठी गेला?"

बाबांचं तेवढंच शूटिंग आहे. लग्नानंतर महिन्याभरात ते गेले. कावीळ.

संध्याकाळी खुशबूचा फोन, नाकाडोंगरीहून. "ताई, ते ब्लू-रे डिस्क असते ना, त्याच्यात चेहरे एकदम साफ दिसतेत म्हणे. मी बी घेऊ काय?"

म्हटलं, आधी मी पाहते. मग सांगते.

१५ जानेवारी

तुमसरला वीरेंद्रकडे गेले. "ताई, या डिस्कवरून बनवली तं गुलाबच साफ दिसतीन!" हसला मेला. मग म्हणाला, मूळ टेप असेल कुठेतरी. कॅमेरा त्याने तेव्हाच एचडी घेतला होता. पण गावात तसा प्लेअर कोणाकडे नव्हता, म्हणून सगळ्यांना डीव्हीडीच दिल्या. आणि मूळ टेपवर गुलाब नाहीत!

"पेनड्राइव्हमध्ये काहून नाही घेत?" त्याने विचारलं.

मागच्या पेनड्राइव्हमधले सगळे फोटो पुसले गेले. शिवाय मायला हातात धरायला काहीतरी हवं असतं. प्लेअर त्याच्याचकडचा वापरलेला आणला.

१६ जानेवारी

टेप सापडली!

२१ जानेवारी

खुशबू — "झाली काय?" मग हळूच तेच, जे दरवर्षी विचारते. "ताई, माया लग्नात बाबाले तरास होत होता काय वं? डॉक्टर म्हणे ना, महिनाभर आधी आणाले पायजे होतं."

म्हटलं, कोणालाच काही दिसलं नाही. खरंच नव्हतं दिसलं. इतकी वर्षं ती तेवढ्यावर तगून आहे.

२४ जानेवारी

दुपारी मायसोबत नवी डिस्क लावली. केवढा फरक! बाबांच्या टोपीची शिवण दिसते. मिशीतले पांढरे केस मोजता येतात. हळदीला खुशबू दोन्ही हातांनी त्यांचे गाल माखते आणि ते ओरडतात, "अवं, नवरी तू आहेस का मी?"

माय हसली. "कसा पिवळाजर्द दिसते तुया बाप!"

मग दुसऱ्या दिवशीची बिदाई. गुलाब नाहीत. बाबा अंघोळ करून, नवा सदरा घालून उभे. तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि मान वर करतात. कॅमेरा अगदी जवळ.

मी थांबवलं.

डोळे पिवळे होते. पांढरं असतं तेवढं सगळं. त्या दोन दिवसांत घरात कोण पिवळं नव्हतं? हात, कपडे, उंबरठा — सगळं हळदीचं. पण हळद डोळ्यांच्या आत जात नाही.

"काहून थांबवलंस? चालू दे ना," माय म्हणाली.

चालू केलं.

२५ जानेवारी

लिहवत नाही.

२६ जानेवारी

खुशबूचा फोन. "सांग ना ताई, घेऊ काय?"

म्हटलं, नको घेऊस. काहीच फरक नाही दिसत.